नाक्यांचे गाव, स्टेशनांचे शहर

जुन्या पनवेलमध्ये पत्ता सांगायचा तर आजही नाक्याचे नाव घ्यावे लागते. उरण नाका, ठाणा नाका. एका रस्त्याचे नाव बंदर रोड. ही नावे गावातल्या जागांची असली तरी त्यांचे बोट मात्र गावाबाहेर रोखलेले आहे. इकडून उरणला जा, इकडून ठाण्याला जा, इकडून धक्क्यावर जा. पुण्याने आपल्या पेठांना वारांची नावे दिली. पनवेलने आपल्या कोपऱ्यांना दुसऱ्या गावांची दिली. अशा गावात घर कुठे घ्यावे हा प्रश्न रस्त्याच्या प्रश्नापासून वेगळा काढताच येत नाही, आणि तो आजचा नाही, दोनशे वर्षांचा आहे.

सध्या हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो. मी चाळीस वर्षे पनवेलकर आहे, त्यातली बरीचशी मुंबईतल्या शाळेत इतिहास शिकवण्यासाठी रोज ये-जा करण्यात गेली. त्यामुळे ओळखीपाळखीच्या कोणाची बदली झाली, कोणाला नव्या विमानतळावर नोकरी लागली, की फोन येतो. ‘बाई, खारघर बरे की कामोठे? स्टेशनजवळ महाग आहे, जरा आत घेतले तर चालेल का? गाडी आहे आमच्याकडे.’ शेवटचे वाक्य बहुतेक सगळे म्हणतात. मी त्यांना दरांविषयी काही सांगू शकत नाही, ते दलालाला विचारावे. मी त्यांना थोडा इतिहास सांगते. तोच आज तुम्हाला सांगणार आहे.

रेल्वे येण्यापूर्वी मुंबईहून पुण्याला जाणारा माणूस पनवेलवरून जात असे. मुंबई बंदरात होडीत बसायचे, भरतीबरोबर खाडीतून पनवेलच्या धक्क्याला लागायचे आणि तिथून पुढे घोडा, पालखी किंवा बैलगाडी. १० नोव्हेंबर १८३० रोजी गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत बोरघाटाचा रस्ता चाकांच्या वाहनांना खुला झाला. तोवर घाटात बैलांच्या आणि माणसांच्या पाठीवरून चढणारा माल आता गाडीतून जाऊ लागला. पनवेलची चलती झाली. देशावरचा माल घाट उतरून इथे यायचा, गलबतांत चढायचा. मुंबईचा माल उलट दिशेने जायचा. एवढ्या गाड्या येणार-जाणार म्हटल्यावर त्यांना चाके लागणारच. पनवेलची गाडीची चाके नावाजलेली होती. देशावरून आलेला गाडीवान परतताना इथली चाकांची जोडी घेऊन जाई, अशी नोंद जुन्या गॅझेटियरात सापडते. ज्या गावाचा मुख्य धंदाच दुसऱ्यांच्या प्रवासासाठी चाके करण्याचा होता, त्याचे पुढचे भविष्य सांगायला ज्योतिषी नको होता! १८५२ मध्ये पनवेलला नगरपालिका मिळाली. देशातल्या अगदी जुन्या नगरपालिकांपैकी ती एक.

त्या पनवेलमध्ये कामाला जायचे म्हणजे चालत जायचे. कोळीवाडा खाडीच्या अंगाला, बाजारपेठ तिथून हाकेच्या अंतरावर, व्यापाऱ्याचे घर दुकानाच्या वर किंवा मागे. बेने इस्रायल मंडळींचे सिनेगॉग, मोहल्ल्यातली मशीद, देवळे, तळी, सगळे एकमेकांपासून पायी जाण्याच्या टप्प्यात. आज त्या गल्ल्यांतून मोटार न्यायची म्हणजे दोन्ही बाजूंचे आरसे मिटून घ्यावे लागतात. नवी माणसे याला गैरसोय म्हणतात. पण त्या गल्ल्या चुकून अरुंद राहिलेल्या नाहीत. चालणाऱ्या माणसाला उन्हात सावली आणि पावसात वळचण मिळावी इतक्याच त्या रुंद आहेत.

मग रेल्वे आली, आणि ती पनवेलला आली नाही. १८५३ मध्ये मुंबई–ठाणे, पुढच्या वर्षी कल्याण, १८५६ मध्ये खोपोली. १८६३ मध्ये बोरघाटातला मार्ग पुरा झाला आणि मुंबईचा प्रवासी डबा न बदलता पुण्याला पोचू लागला. हा सगळा मार्ग कल्याण–कर्जत असा वळसा घालून गेला. भरतीची वाट बघत धक्क्यावर बसण्याचे कोणाला कारण उरले नाही. बंदर एका दिवसात बंद पडले नाही. भात, मीठ, लाकूड यांची ने-आण पुढेही चालली. पण पुण्याचा दरवाजा हे पनवेलचे पद गेले. ज्या व्यापाऱ्याने १८५० मध्ये बंदर रोडजवळ जागा घेतली असेल त्याने काही अविचार केला नव्हता. त्याच्या घराची भिंत हलली नाही, रस्ता हलला. पनवेलमध्ये हे नंतरही अनेकदा घडले आहे, म्हणून ही गोष्ट लक्षात ठेवा.

पुढची शंभर वर्षे मी भराभर ओलांडते. मोटारी आल्या, एसटी आली, मुंबई–पुणे रस्त्यावरचा आणि कोकणात उतरणाऱ्या रस्त्याचा फाटा म्हणून पनवेलचा स्टँड गजबजला. कोकणात जाणाऱ्या कुठल्याही मुंबईकराला पनवेल स्टँडवरची दहा मिनिटे आठवत असतील. पण मुंबईहून पनवेलला रस्त्याने यायचे तर ठाणे, मुंब्रा, शीळ अशी प्रदक्षिणा होती. मधे ठाण्याची खाडी. १९६० च्या दशकात दिव्याहून पनवेलपर्यंत रेल्वे आली, तीही मुंबईला थेट जोडणारी नव्हे. दिव्याला उतरून गाडी बदलायची. डोळ्यांसमोर मुंबई आणि पायाखाली चिखल अशी ही स्थिती १९७३ पर्यंत टिकली. त्या वर्षी वाशीचा खाडीपूल झाला आणि पनवेल मुंबईच्या अंगणात आले.

पूल बांधला जात होता तेव्हा खाडीच्या या तीरावर एक मोठी कल्पना कागदावर उतरत होती. १९६५ मध्ये ‘मार्ग’ या नियतकालिकाच्या एका अंकात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी सुचवले, की मुंबईची वाढ उत्तरेकडे शेपटीसारखी लांबत जाण्याऐवजी खाडीपलीकडे, पूर्वेला न्यावी. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. ३४४ चौरस किलोमीटरच्या आसपास जमीन, ९५ गावे, आणि वीस लाख लोकांचे शहर. १९७३ च्या विकास आराखड्यात हे शहर एकसंध नव्हते. निरनिराळ्या वसाहती, ज्यांना आपण आता सरसकट ‘नोड’ म्हणतो, रेल्वेच्या आणि रस्त्याच्या दोऱ्यात मण्यांसारख्या ओवलेल्या. प्रत्येक वसाहतीत शाळा, बाजार, दवाखाना आणि काम. माणसाने शक्यतो आपल्याच वसाहतीत काम करावे, आणि दुसरीकडे जावे लागलेच तर बसने किंवा रेल्वेने जावे, असा त्यामागचा विचार.

याच सुमाराला इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्स नावाचे नवे शहर आखले जात होते. १९६७ मध्ये त्याची घोषणा झाली. तिथे साधारण एकेक किलोमीटरवर रस्त्यांची जाळी आखली आणि घरोघरी मोटार असणार हे गृहीत धरले. आपल्या आराखडाकारांना तसे गृहीत धरता येत नव्हते आणि त्यांना ते नकोही होते. सत्तरच्या दशकात मोटार किती घरांत होती? त्यामुळे नवी मुंबई ही निदान कागदावर तरी मोटारीचे शहर नव्हती. ती चालणाऱ्यांचे आणि बसमध्ये बसणाऱ्यांचे शहर होती. आज खारघरच्या रुंद रस्त्यावर उभे राहून हे सांगितले तर कोणाला खरे वाटणार नाही.

मग बिनसले कुठे? माझ्या मते दोन ठिकाणी. पहिले म्हणजे काम आले नाही. राज्य सरकारचा कारभार खाडीपलीकडे येईल, त्यामागून कचेऱ्या येतील अशी अपेक्षा होती. बेलापूरला कोकण भवन झाले, पण मंत्रालय हलले नाही, आणि नरिमन पॉइंटला समुद्र बुजवून मनोऱ्यांवर मनोरे उभे राहत राहिले. घाऊक बाजार मात्र पुढे आले: कांदा-बटाटा, भाजी, धान्य वाशीला आणि लोखंड-पोलाद कळंबोलीला. पनवेलच्या आसपास तळोजा, रसायनी, पाताळगंगा इथे कारखाने होते, तिथल्या कंपन्यांच्या बसगाड्या कामगारांना नेत-आणत. त्या काळी कामगार घर बघायचा तो कंपनीची बस जिथे थांबते त्या थांब्याजवळ. पण कारकून, शिक्षक, बँकवाले, नर्सबाई यांचे काम पलीकडेच राहिले. घर इकडे आणि हजेरीपट तिकडे.

दुसरे म्हणजे दोरा मण्यांच्या नंतर आला. नवीन पनवेलच्या पहिल्या इमारती उभ्या राहिल्या तेव्हा मुंबईला जाणारी लोकल नव्हती, आणि पुढे कित्येक वर्षे नव्हती. मानखुर्द–वाशी रेल्वे सुरू झाली ९ मे १९९२ रोजी. तिच्या खर्चातला सुमारे दोन तृतीयांश वाटा सिडकोने उचलला. एखाद्या नगर वसवणाऱ्या संस्थेने रेल्वेचा खर्च करावा ही आपल्याकडे नवलाची गोष्ट होती. १९९३ मध्ये गाडी बेलापूरपर्यंत आली आणि पनवेलला १९९८ मध्ये. आराखड्यापासून पाव शतक! एवढ्या काळात लहान मूल मोठे होऊन नोकरीला लागते, आणि लागली तशी मुले नोकरीला, त्यांनी घेतल्या स्कूटरी.

मी १९८६ मध्ये नवीन पनवेलला आले तेव्हा पहाटे पावणेसहाला घर सोडत असे. एसटी सायन–पनवेल रस्त्याने बेलापूर, वाशीचा पूल, मानखुर्द करत चेंबूरला जाई. वेळेवर मिळाली तर सव्वा तास, पावसाळ्यात पुलावर अडकली तर काही खरे नाही. त्या वेळचा पूल एकच, आणि त्याचीही डागडुजी चाललेली. १९९३ नंतर आम्ही पनवेलहून बसने बेलापूर स्टेशन गाठायचो आणि तिथून लोकल. चढउतार एक जास्त, पण वेळेची खात्री. पुढे १९९७ मध्ये दुसरा पूल झाला, १९९८ मध्ये लोकल दारात आली. पनवेलहून गाडी सुटते म्हणून बसायला जागा मिळते. खांदेश्वर आणि मानसरोवरची माणसे त्या जागेसाठी सकाळी उलटी पनवेलला येतात आणि त्याच गाडीने परत निघतात, हे तुमच्यापैकी अनेकांनी केले असेल. मुंबई सीएसएमटीपर्यंत ४९ किलोमीटर, साधारण एक तास वीस मिनिटे, सगळ्या गाड्या धिम्या. हार्बरला फास्ट लोकल नाही. हा आकडा माणसाने घराची चावी घेण्यापूर्वी कागदावर लिहावा आणि दोनाने गुणावा.

चेझारे मार्केट्टी नावाच्या एका इटालियन शास्त्रज्ञाने १९९४ मध्ये एक लेख लिहिला होता. त्याचे म्हणणे असे, की कुठल्याही काळातला आणि कुठल्याही देशातला माणूस सरासरीने दिवसाला तासभराच्या आसपास प्रवास करतो. वाहन वेगवान झाले की तो वेळ वाचवत नाही, घर लांब नेतो. पनवेलचा नकाशा हातात घेऊन हे पडताळून पाहावे. पूल झाला तेव्हा वाशी वसली, लोकल आली तेव्हा खारघर आणि कामोठे भरले, २००२ मध्ये कळंबोलीपासून निघणारा पुण्याचा द्रुतगती मार्ग पुरा झाला आणि पळस्पे, कोन या बाजूला मनोरे दिसू लागले. मात्र मार्केट्टीचा एक तास आपल्याकडे केव्हाच मोडीत निघाला. पनवेल–मुंबई करणाऱ्याचे दिवसाचे तीन-साडेतीन तास जातात, आणि त्याला आपण ‘सवय होते’ असे म्हणतो.

या वसाहतींविषयी थोडे सविस्तर बोलते, कारण एकाच रेल्वेमार्गावर असूनही त्यांचा स्वभाव एक नाही. नवीन पनवेल आणि जुने पनवेल यांच्यामध्ये स्टेशन आहे. पूर्वेकडे सेक्टर, पश्चिमेकडे गाव. दोन्हीकडचा मोठा भाग पायी गाठता येतो. खांदा कॉलनीला खांदेश्वर, कामोठ्याला मानसरोवर. कळंबोलीची गंमत अशी, की तिच्या नावाचे स्टेशन आहे, पण ते दिवा–पनवेल मार्गावर. मुंबईला जाणारा कळंबोलीकर रिक्षाने खांदेश्वर किंवा मानसरोवर गाठतो. कोणी नुसते रेल्वेचे फलक वाचून घर घेऊ लागला तर त्याला हे कळणार नाही. खारघर फार मोठे, आणि स्टेशन एका टोकाला. डोंगराच्या बाजूच्या सेक्टरांमधून स्टेशन चार-पाच किलोमीटर भरते. १७ नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूर–पेंधर मेट्रो धावू लागली, अकरा किलोमीटर आणि अकरा स्थानके, तेव्हा खारघरच्या आतल्या भागाला पहिल्यांदा रुळांचा आधार मिळाला. तोपर्यंत तिथली पंधरा-वीस वर्षे बस, शेअर रिक्षा आणि स्वतःची दुचाकी यांवर निघाली. करंजाडे, किंवा सुकापूर, आदई, विचुंबे, उसर्ली या गावांकडे जागा स्वस्त मिळाली, पण स्टेशनपर्यंतचा प्रवास रोजच्या खर्चात आला. ‘स्टेशनपासून दहा मिनिटे’ अशी पाटी तिकडे सर्रास दिसते. दहा मिनिटे कशाने, आणि किती वाजता, एवढेच विचारायचे. दोनशे वर्षांपूर्वीचा खलाशी हेच विचारत असे: भरती कधी आहे?

शेअर रिक्षाविषयी दोन शब्द. पनवेल भागात मीटर टाकणारी रिक्षा मिळणे हा योगायोग. सीटवर चालणारी रिक्षा हीच आमची खरी सार्वजनिक वाहतूक. ती सकाळी सहा ते रात्री दहा उत्तम चालते. अकरानंतर तीन माणसे जमेपर्यंत नाक्यावर उभे राहा. मोठ्या पावसात आणि सणाला भाव वेगळा. एकट्या बाईने त्या वेळी घर किती आत आहे याचा विचार केलेला असतो, एकट्या पुरुषाने बहुधा केलेला नसतो. म्हणून ‘गाडी आहे आमच्याकडे’ असे कोणी म्हणाले, की मी विचारते: कोणाकडे? गाडी सकाळी आठला एकाबरोबर निघून जाते. घरात उरते ती सासू, जिला गुडघ्याच्या डॉक्टरकडे जायचे आहे. मुलगा, ज्याला क्लासला जायचे आहे. आणि जिचे काम दुसऱ्याच दिशेला आहे ती बायको. गाडी एकाची, पत्ता चौघांचा. एकाला वीस मिनिटे वाचवण्यासाठी तिघांना परावलंबी करणारे घर मी आजवर कोणालाही सुचवलेले नाही. मुंबई–गोवा रस्त्याकडच्या एका मनोऱ्यात माझी मैत्रीण राहते. घर हवेशीर, खाली बाग, पोहण्याचा तलाव. पतीच्या निधनानंतर गाडी खाली उभीच असते, हिला चालवता येत नाही. भाजीसाठी ती आठवड्यातून एकदा पुतण्याची वाट बघते. जुन्या पनवेलच्या अंधाऱ्या दोन खोल्यांत राहणारी तिची थोरली जाऊबाई ऐंशीव्या वर्षी रोज सकाळी स्वतः बाजारात जाते.

रस्ते कोणाच्या जमिनीवरून गेले हेही घर बघणाऱ्याने जाणून घ्यावे. हे सगळे सेक्टर आगरी, कोळी, कराडी समाजाच्या भातशेतीवर, मिठागरांवर आणि खाजणांवर उभे आहेत. जानेवारी १९८४ मध्ये जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण–जासई भागात मोठे आंदोलन झाले. पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचा जीव गेला. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. नव्या विमानतळासाठीही दहा वस्त्या उठल्या आणि वडघर, करंजाडे या बाजूला वसवल्या गेल्या. उठवलेल्या माणसाने कोणता सेक्टर बरा याची निवड केलेली नसते. ज्याच्या बापाचे शेत उंबऱ्याला लागून होते, तो आज तळोज्याच्या कारखान्यात जायला रिक्षा बघतो. ‘जरा आत घेतले तर चालेल का’ या प्रश्नातले ‘आत’ म्हणजे बहुतेक वेळा कोणाचे तरी गाव असते.

आता रस्ता पुन्हा एकदा हलला आहे. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी–न्हावा सागरी सेतू, म्हणजे अटल सेतू, खुला झाला. सुमारे २२ किलोमीटर लांबीचा. खाडीवर असा पूल हवा ही मागणी साठच्या दशकापासूनची. पण तो झाला तो मोटारीच्या जमान्यात: त्यावर रेल्वे नाही, दुचाकीला आणि रिक्षाला मनाई, आणि उद्घाटनाच्या वेळी मोटारीला एका फेरीचा टोल २५० रुपये. हा पूल ज्याच्याकडे मोटार आहे त्याच्यासाठी, किंवा ज्या थोड्या बस त्यावरून जातात त्यांच्या प्रवाशांसाठी. त्याच दिवशी उरणपर्यंत लोकलही सुरू झाली, तिचे कौतुक मात्र कमी झाले. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबरपासून विमाने उडू लागली. म्हणजे आराखड्यात जे काम इकडे यायला हवे होते ते पन्नास वर्षांनी येते आहे. पनवेलकडे ते सांभाळायला २०१६ पासून महापालिका आहे. नवीन पनवेल, कळंबोली, कामोठे, खारघर, तळोजे आणि २९ गावे तिच्यात आली. २०११ च्या जनगणनेप्रमाणे या हद्दीत पाच लाखांच्या वर माणसे होती.

विमानतळाचे काम शाळा-कचेरीसारखे नऊ ते सहाचे नसते. पहाटे चारची पाळी, रात्री एकला सुटणारी पाळी. आणि आमची लोकल मध्यरात्रीनंतर थांबते ती पहाटे चारच्या सुमारास पुन्हा सुरू होते. इतकी वर्षे आम्ही सगळे हिशेब सकाळच्या गर्दीचे केले. आता ज्या माणसांना घर हवे आहे त्यांचे घड्याळच वेगळे आहे.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची मुलगी गेल्या महिन्यात नवऱ्याबरोबर येऊन गेली. तिला विमानतळावर पाळीची नोकरी, त्याचे काम वांद्रे-कुर्ला संकुलात. त्याला पळस्प्याच्या पुढे एक जागा फार आवडली होती. ‘बाई, हप्ता बसतो आहे, गाडी आहे, पार्किंग मिळते आहे,’ तो म्हणाला. मी म्हटले, ‘घ्या की. पण आधी एका मंगळवारी दोघे वेगवेगळे निघा. तू सकाळी साडेसातला गाडी न घेता निघ, आणि हिला रात्री दीड वाजता तिच्या ऑफिसची गाडी जिथे सोडेल तिथून घरापर्यंत चालत यायला सांग. तू लांबून बघत राहा.’ तो हसला. पण त्यांनी ते केले, आणि एका ठिकाणी नाही, तीन ठिकाणी केले. पळस्प्याच्या बाजूला ऑफिसची गाडी हायवेवर सोडत होती आणि पुढे सव्वा किलोमीटर दिवे नव्हते. कामोठ्यात ती जवळ सोडत होती, पण त्यांना परवडणारी जागा चौथ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही; त्याच्या आईला ते जमणार नव्हते. खांदा कॉलनीतली जागा लहान निघाली, एका खोलीला खिडकी जवळजवळ नाहीच. स्टेशन चालत बारा मिनिटे, रस्त्यावर रात्री एक मेडिकल आणि एक चहाची टपरी उघडी.

तिथे त्यांनी सध्या भाड्याने जागा घेतली आहे. अकरा महिन्यांचा करार आहे. पनवेल–कर्जत लोकलचे काय होते, विमानतळाच्या बस कुठून सुटू लागतात, ते बघून पुढचे ठरवू म्हणतात. गाडी खाली सोसायटीत उभी आहे; रविवारी सासूबाईंना घेऊन बल्लाळेश्वराला जाऊन आलो, असा तिचा परवा फोन होता.